रंजनाच्या नाकासाठी: खर्डी ते वैशाखरे

डॉक्टरांनी चार वास सांगितले होते. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल आणि कॉफी. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून एकेक नाकाशी धरायचा आणि तो कसा यायचा ते आठवायचं. माझी बायको रंजना, कोरोनात वास गेलेली, महिनाभर ओट्यापाशी उभी राहून हे करत होती. एका सकाळी तिने चारही वाट्या घासून एकात एक ठेवल्या आणि म्हणाली, "अहो, घरात काय येत नाय. बाहेर जाऊन बघू. बाहेर तरी मोठे वास असतील."

कोरोनाचं पहिलं वर्ष. मी कल्याणला छापखान्यात कामाला, तो बंद. लोकलमध्ये आमच्यासारख्यांना प्रवेश नाही. जिल्ह्याबाहेर जायचं तर पास. म्हणजे खर्डीत घरी बसायचं, नाहीतर जवळपास फिरायचं. आम्ही फिरायला लागलो.

आधी पायीच. स्टेशनामागून बांधावर उतरायचं, पुढे जंगलाकडची पायवाट धरायची, तासाभराने वळायचं. भात पोटरीला आलेलं होतं. मी रानतुळस चुरडून तिच्या नाकाशी धरायचो, गोठ्यापाशी मुद्दाम रेंगाळायचो. "काय आलं?" विचारलं की ती प्रामाणिकपणे सांगायची, "थंड लागलं," नाहीतर "गरम वाफ लागली." वास नाही. एकदा मी सहज म्हणालो, "भाताचा काय घमघमाट सुटलाय!" ती पुढे चालत राहिली. वळणावर म्हणाली, "मला नका सांगत जाऊ." त्यानंतर आम्ही बरेचसे न बोलताच फिरायचो. वाटा सुंदर होत्या, हे मला मान्य करावंच लागेल. पण त्या दिवसांचे फोटो आज पाहिले तर एकातही दोघं हसत नाही आहोत.

तिचं दुःख नुसतं नाकाचं नव्हतं. श्रावणात ती पॉझिटिव्ह आली आणि तिला क्वारंटाइन सेंटरमध्ये ठेवलं. तिथे तिसऱ्या दिवशी तिच्या भावाचा, जनार्दनचा, फोन आला. वैशाखऱ्याला तिचे वडील झोपेतच गेले होते. त्यांना कोरोना नव्हता, वय झालं होतं. पण लेक पंच्याहत्तर किलोमीटरवर अडकलेली. घरचे पाच-सहा जण आणि पाऊस, एवढ्यात सगळं आटोपलं. पुढे तिला सोडलं तेव्हा गावाने वेस बंद केली होती. वेस उघडली तेव्हा अंगात ताकद नव्हती. आणि ताकद आली तेव्हा, मला वाटतं, तिलाच जायचं नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती स्वतःच म्हणाली, "चला, वैशाखऱ्याला जाऊ."

सव्वासहाला बाइक काढली. डब्यात भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. खर्डी ते शहापूर हमरस्ता आहे, ट्रकची वर्दळ असते, पण रस्ता चांगला. शहापूरला पेट्रोल भरून घ्या. तिथून किन्हवलीकडे वळलात की पंक्चरवाला शोधावा लागतो आणि पावसाने रस्त्याची चाळण केलेली असते. मात्र सकाळची ही वाट फार देखणी. दोन्हीकडे भाताची कापणी चाललेली, शेतात आडव्या पडलेल्या पेंढ्या, बायकांच्या तोंडाला मास्कऐवजी पदर. मी खड्डे चुकवत गाडी चालवत होतो. रंजनाने मात्र मास्क हनुवटीखाली ओढला होता आणि मान वळवून वळवून श्वास घेत होती. आरशात दिसत होतं.

किन्हवलीच्या अलीकडे एक बाई काकड्यांचा वाटा लावून बसली होती. मी पैसे द्यायला हात पुढे केला तशी ती मागे सरकली.

"दगडाखाली ठेवा दादा. कुठून आलाव?"

"खर्डीवरून."

"तिकडं लय हाय म्हणतात."

"आता कमी आहे."

"कमी म्हंजी हायच ना," ती म्हणाली आणि काकड्या पायाने आमच्याकडे ढकलल्या. वाईट वाटलं, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

सरळगावला मुरबाड-माळशेजचा मोठा रस्ता लागतो. टोकावड्याला एक ढाबा उघडा दिसला. अर्ध्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, गिऱ्हाईक आम्हीच. मिसळ आणि चहा, दोघांचे दीडशे रुपये. मिसळ झणझणीत होती. रंजनाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिला फक्त तिखट कळलं. ढाबेवाला लांबूनच म्हणाला, "घाटात जाणार असाल तं पुढं फिरायला सोडीत नाय. परवा मुंबईच्या पोरांना परत पाठवलं."

"घाटात नाय," रंजना म्हणाली. "माहेरी."

वैशाखऱ्यात शिरताना वेशीवरचा बांबू बाजूला केलेला होता, पण खाटेवर एक म्हातारे बसले होते. त्यांनी काठी आडवी धरली. "कुठलं तुमी? कोणाकडं?"

तिने मास्क पूर्ण काढला. "काका, मी रंजी. तुमच्या शिवारातनं चिंचा पाडायची ती."

ते बराच वेळ बघत राहिले. मग काठी खाली गेली. "लय उशिरा आलीस गो."

गाडी सुरू केल्यावर तिने माझा खांदा घट्ट धरला.

जनार्दन अंगणातच होता. धाकटा भाऊ, एरवी ती आली की येऊन पाया पडणारा. त्या दिवशी दोघं चार हातांच्या अंतरावर उभी राहिली आणि कुणी आधी रडायचं ते ठरेना. त्याची बायको कुंदा दोन खुर्च्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला मांडून गेली. चहा झाला. बाबा शेवटी काय जेवले, रात्री काय बोलले, सगळं त्याने सांगितलं. मग तो आत गेला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. तोंड सुतळीने बांधलेलं.

"ताई, ही बाबांची बंडी. अंगावरची. आमी धुतली नाय. कुंदा दोनदा म्हणाली, धुवून टाकू. मी म्हटलं, ताई येऊ दे. तिला बाबांचा वास तरी मिळंल."

मी जनार्दनकडे बघितलं आणि लक्षात आलं, याला माहीतच नाही. ताप येऊन गेला, बरी झाली, एवढंच आम्ही फोनवर कळवलं होतं.

रंजनाने सुतळी सोडली. बंडी दोन्ही हातांत घेतली आणि तोंड त्यात खुपसलं. किती वेळ, सांगता येणार नाही. गोठ्यातल्या बैलाची घंटा दोन-तीनदा वाजली. तिची पाठ श्वासाने वरखाली होत होती, एकदा, दोनदा, पुन्हा. माझ्या मनात आलं, येऊ दे, एवढा एक येऊ दे.

"येतो का गो?" जनार्दनने विचारलं.

तिने तोंड वर केलं. "येतो रे. तंबाखूचा येतो. बैलांचा. आणि ते खोबरेल लावायचे ना डोक्याला, त्याचा पण." मग ती रडली. जनार्दनही रडला, आणि चार हातांचं अंतर कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

निघताना तो म्हणाला, "घेऊन जा ताई." तिने बंडीची घडी केली, पिशवीत ठेवली आणि पिशवी कुंदाच्या हातात दिली. "नको. इथंच बरी."

परतीला आम्ही ओढ्याच्या पुलावर थांबलो. इथून माळशेजचे कडे अख्खे दिसतात. थांबायला जागा चांगली आहे. भाकऱ्या सोडल्या, पण खाल्ल्या नाहीत.

"काहीच नाय आलं," ती म्हणाली. "नुसतं कापड."

"मग सांगायचं ना त्याला."

"कसं सांगू? तीन महिने पोराने जपून ठेवली."

"निदान बरोबर घ्यायची. पुढेमागे नाक आलं तर?"

"खोटं बोलून ती कशी घेऊ?" तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि नाहीच आलं तर रोज ती कपाटात दिसणार."

अंधार पडायच्या आत खर्डीत पोहोचलो. दीडशे किलोमीटर, पाठ मोडलेली. दुसऱ्या दिवशी मी वहीत रस्त्याच्या नोंदी केल्या, त्याच वर दिल्या आहेत. फेरी कशी झाली असं कुणी विचारलं तर मी "छान" म्हणायचो. खरं तर मला एवढंच आठवायचं की आपल्याजवळ उभं असलेलं माणूस काहीतरी शोधत होतं आणि आपण बघत राहण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

फिरणं आम्ही सोडलं नाही. फाल्गुनात एका संध्याकाळी जंगलाकडच्या वाटेवर ती थबकली. "काहीतरी जळतंय."

बांधापलीकडे कुणीतरी राब भाजत होतं. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळतात तो. धूर आमच्या दिशेला नीटसा दिसतही नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. ती नाक वर करून उभी होती, घाबरल्यासारखी. मग शेताकडे धावत गेली आणि धुरात उभी राहून खोकत, हसत राहिली. तिला मी सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं.

तिथूनच तिने जनार्दनला फोन लावला. स्पीकर मी चालू केला.

"बाबांची बंडी आहे ना रे?"

"हाय ना ताई."

"पिशवीतच आहे?"

"नाय गो. तू येऊन गेलीस ना, मग दुसऱ्याच दिवशी धुतली. तुला वास मिळाला, आता कोणासाठी ठेवायची? भाताच्या झोडणीला मीच घातली होती. आता रोज शेतावर घालतो."

राबाचा धूर आमच्यावरून पलीकडे गेला. मला वाटलं, आता ती खरं सांगून टाकेल.

"नीट बसते का तुला?" तिने विचारलं.

"दंडात जरा आवळते."

"मग बगलेत उसव थोडी," ती म्हणाली. "आणि घालत जा."