पासवर्डच्या आधीचं वाक्य

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. आमची एक शाखा नांदेडला होती. तिथल्या लॅबमध्ये मुलं सराव परीक्षा द्यायची, आणि लॅब एक ताई बघायच्या. आमची ओळख फोनवरचीच.

एकदा सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, फर्मावलं की नांदेडच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पासवर्डच्या आधी एक वाक्य दिसलं पाहिजे : ‘आज मागे पडलात, तर कायमचे मागे पडलात.’

विंडोज आपल्या सेटिंग रजिस्ट्रीत जपून ठेवतं. अशा सूचनेसाठी तिथं दोन जागा असतात, एक मथळ्याची, एक मजकुराची. त्या भरल्या की सूचनेखालचं ‘ओके’ दाबल्याशिवाय पासवर्ड टाकता येत नाही. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो लातूरहूनच नांदेडच्या एकेका मशीनची रजिस्ट्री उघडायचा, दोन्ही जागा भरायचा आणि बंद करायचा. समोरचा चहा निवायच्या आत काम झालं.

काही दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाज दबका होता.

“भाऊ, ते वाक्य काढता येतं का?”

“का? काय झालं?”

“धर्माबादची एक पोरगी हाय. बाप वारला म्हणून गावी गेल्ती, आज आली. मघापासून त्या वाक्यासमोर बसायली. ओके दाबंना. नुसती रडायली.”

“ताई, सरांना विचारल्याशिवाय कसं काढू?”

मग त्या म्हणाल्या, “मी भूकंपातली हाय, भाऊ. लहान होते. घर अंगावर आलं. आई शेजारीच होती, ती बोलायची थांबली. वरून माणसं ओरडायली, ‘हाव, ऐकू यायलंय, आम्ही आलो, तू हाक देत रहा.’ मागं राहिलीस तर संपलीस, असं कुणी म्हणलं न्हाई. म्हणलं असतं तर मी हाक देणं सोडलं असतं.”

भूकंपाच्या पहाटे लातुरात आम्हीही घराबाहेर पळालो होतो. पण आमचं घर उभं राहिलं होतं.

मी फोन तसाच सरांकडे नेला. “तुम्हीच ऐका,” म्हणालो. ताईंनी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. फोन परत देताना एवढंच म्हणाले, “काढून टाका.”

“त्याऐवजी दुसरं काही टाकू?” मी ताईंना विचारलं.

“काही नको. कोरं राहू द्या.”

प्रोग्राममध्ये दोन्ही मजकूर रिकामे करून मी तो पुन्हा चालवला. एक सोडून सगळी मशीनं मोकळी झाली. त्या एकावर बाहेरून रजिस्ट्री उघडू देणारी सेवाच बंद पडली होती. नेमकं ते त्या मुलीचंच होतं. ताईंनी तिला हळूच शेजारच्या खुर्चीवर बसवलं, मी सांगत गेलो तशी सेवा सुरू केली. मी प्रोग्राम चालवला, त्यांनी मशीन बंद करून चालू केलं.

“गेलं, भाऊ.”

त्या दिवशी मुलीनं परीक्षा दिली नाही. ताईंनी तिला डब्यातली भाकरी खाऊ घातली आणि हॉस्टेलवर पोचवलं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली, पेपर सोडवला. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

ताई नंतर नायगावच्या शाळेत लागल्या. आम्ही अजून एकमेकांना पाहिलेलं नाही. भूकंपाच्या दिवशी मात्र दरवर्षी मी त्यांना फोन करतो. आईबद्दल त्या कधी बोलतात, कधी नाही.