न वाचता फाडलेला कागद

माझ्या दोस्ताच्या तेराव्याला ज्या फोटोला हार घातला, तो हजेरीच्या मशीननं काढलेला फोटो होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्याच्या कारखान्यात चेहरा दाखवून हजेरी लावायचं मशीन बसवलं, तेव्हा हा एकटाच गडी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन भांडला होता. माझा चेहरा माझ्या मालकीचा हाय, मशीनला कशाला देऊ, म्हणून. शेवटी नोकरी टिकवायची होती, मुकाट उभा राहिला. तोच हा फोटो. कपाळावर आठ्या, ओठ आवळलेले. कारखान्याच्या ऑफिसनं मोठा करून दिला, कारण घरात त्याचा अलीकडचा दुसरा फोटोच सापडेना.

सापडणार कुठून? सगळे त्याच्या लॅपटॉपमध्ये होते, आणि लॅपटॉपचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला होता.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट. तो मूळचा मैंदर्गीचा, कारखान्यात इलेक्ट्रिशियन. दोघांना एकच खूळ, मुक्त सॉफ्टवेअरचं. ज्याचा आतला कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा, वाटावा, तेच वापरायचं, बाकी सगळं बाद. रविवारी सकाळी लॅबमध्ये आम्ही पाचजण जमायचो. जुन्या मशीनवर लिनक्स चढवायचो आणि फुकट ईमेल देणाऱ्या कंपन्यांच्या नावानं बोटं मोडायचो. पाचाचे पुढं दोन राहिले. बाकीच्यांना तुम्हीच पळवून लावलं, असं आमची बायको म्हणते. खोटं कशाला बोलू, मी आहेच तसा. कुणी फॅमिली ग्रुपवर लेकराचे फोटो टाकले की माझं डोकं फिरायचं, तासभर झाडायचो त्याला.

हा मात्र ऐकून घ्यायचा. नुसता ऐकायचा नाही, घरी जाऊन तसंच करायचा. तिथंच घात झाला. बायकोच्या फोनमधले झाडून सगळे फोटो, व्हिडिओ त्यानं आपल्या लॅपटॉपवर घेतले, फोन कोरा केला आणि लॅपटॉपची सगळी डिस्क कुलूपबंद केली. पासवर्डही माझ्या पद्धतीनं. माणसानं मनानं ठरवलेला पासवर्ड ओळखता येतो, फाशातून पडलेला येत नाही, हे माझं ब्रह्मज्ञान. त्यासाठी आम्ही वर्षभराचे रविवार घालून मराठी शब्दांची यादी केली होती, सात हजारांच्या वर शब्दांची. कडबू, चादर, शेंगाचटणी, असले आपल्या सोलापूरकडचे शब्द त्यानं हौसेनं घातले. फासे टाकायचे, पडलेल्या आकड्यांचा शब्द यादीतून उचलायचा. असे सात शब्द म्हणजे पासवर्ड. त्यानं लेकीच्या ल्युडोचे फासे घेतले होते.

मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. चारी बाजूंनी पिना मारलेला.

"तुझ्याकडं ठेव," म्हणाला. "माझं काय बरंवाईट झालं तर घरच्यांना दे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं घसा कोरडा केला तो याच्यासाठी? किल्ली दुसऱ्याकडे दिली की ते कुलूप राहत नाही, मित्र म्हणू नको, भाऊ म्हणू नको, कुणाकडे द्यायची नाही. असं बरंच काही बोललो. बोलता बोलता तो कागद त्याच्यासमोर फाडला आणि तुकडे चहाच्या उष्ट्या ग्लासात बुडवले. पीन काढून आत डोकावलोसुद्धा नाही, याची मला घमेंड वाटली. तो हसला. बरं बाबा, तू म्हणशील तसं, म्हणाला. मग आम्ही दुसरा चहा सांगितला.

फाल्गुनात तो कामावर पॅनेलजवळच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याची माणसं पांगल्यावर वहिनींनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, कागद तुमच्याकडं दिलाय म्हणाले होते. सवडीनं बघा. घाई न्हाय."

म्हणजे मी कागद फाडल्याचं यानं घरी सांगितलंच नव्हतं. नवा कागद करायचा राहून गेला, का मित्राची लाज राखली, आता कुणाला विचारू? आणि मी काय बोललो? ठेवलाय कुठंतरी, बघतो, म्हणालो. लोकांना खरेपणा शिकवणारा माणूस मी.

दोन महिने मी तो लॅपटॉप घेऊन बसलो. यादीतले त्याचे आवडते शब्द घालून पाहिले, लेकीचं नाव, गावाचं नाव, सगळं. काही हललं नाही. हिशेब मला तोंडपाठ होता, मीच तो शिकवायचो. जगातली सगळी मशीनं लावली तरी आमचं आयुष्य पुरणार नाही. कुलूप लावणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचा कोड माझ्यासमोर उघडा होता, ओळ न् ओळ. त्यात चोरवाट नाही, हे मी लोकांना छाती काढून सांगत आलो होतो, आणि खरंच नव्हती. त्याच कोडला मी भरल्या घरात आईबहिणीवरून शिव्या घातल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल दुसऱ्याचा होता.

एकदा त्यांच्या घरी गेलो तर सातवीतली पोरगी दारातच विचारती, काका, पप्पांचा आवाज हाय की त्यात? वाढदिवसाला त्यांनी गाणं म्हटलेलं. मी हाय म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

वहिनींचा दर आठवड्याला फोन यायचा. मी म्हणायचो, कपाटं आवरतोय. शेवटी एका रविवारी त्या पोरीला घेऊन आमच्याच दारात उभ्या राहिल्या. पुरुषांना घरातलं काय सापडतंय, मीच हुडकते म्हणाल्या. पदर खोचला आणि बसल्या खाली. आमच्या बायकोनं बिचारीनं ट्रंका ओढून दिल्या. तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं. वहिनी एकेक कागद उलगडून बघायच्या, पुन्हा घडी घालून ठेवायच्या. लाइटची बिलं, लग्नपत्रिका, माझी गुणपत्रकं. पोरगी शेजारी बसून आईला कागद देत होती.

दुसरी ट्रंक निम्मी झाली, तेव्हा मला सहन होईना. मी सांगून टाकलं. कागद त्याच दिवशी फाडला, त्याच्यासमोर फाडला, आता तो कुठंच नाही, आणि लॅपटॉप कधीच उघडणार नाही. सांगताना मी कुणाकडं बघितलं नाही. आमची बायको उठून आत गेली.

वहिनी रडल्या नाहीत. हातातल्या कागदाची घडी त्यांनी बराच वेळ बोटानं दाबली.

"फाडायच्या आदी एकदा वाचायचा तरी की, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी वाचला असता तर आमी काय म्हणणार होतो?"

मग त्यांनी बाहेर काढलेले सगळे कागद होते तसे ट्रंकेत लावले, झाकण लावलं आणि लॅपटॉप पिशवीत घालून पोरीच्या हातात दिला. पोरगी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरली.