शेवटच्या रांगेतून मावशी

अहेरीपासून राजुऱ्यापर्यंतच्या मुलखात माझ्या मावशीइतकं लांबून दिसणारं माणूस दुसरं नसेल. तरुणपणी ती झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायची. धान कापून झालं की शेतात मंडप पडायचे आणि मावशी कधी राणी, कधी सावत्र आई होऊन पार टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यांना रडवायची. नाटकं सुटून जमाना झाला, सवय मात्र सुटली नाही. रेशन आणायला निघाली तरी काजळ कानापर्यंत. आवाज असा की एकदा तिनं भाजीवालीला "थांब वो बाई!" म्हटलं, तर रस्त्यावरची बस थांबली. मावशी निवांत वांगी निवडत राहिली.

घरातल्या प्रत्येक नवरीला रंगवायचा मान तिचाच. "रंग शेवटच्या रांगेले दिसला पायजे," हा तिचा एकच नियम. आमचं सगळं घर सावळं, पण मावशीच्या हाताखालून गेलं की पांढरंफटक. मामेबहिणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तिनं एवढी पावडर थापली की नवऱ्याच्या आत्यानं हळूच विचारलं, "पोरगी बिमार हाय का?" मग माझं साक्षगंध ठरलं. मला त्या दिवशी माझ्याच रंगात बसायचं होतं, आणि मावशीचा मान काढून घ्यायची छाती नव्हती. शेवटी मी मोबाइलवरून न्यूड शेडची, म्हणजे अंगाच्याच रंगांची, एक स्वस्तातली आयशॅडो पॅलेट मागवली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय वो बाई? सारी मातीच भरून देल्ली! याच्यापेक्षा कोंबडी आणली असती त रस्सा तरी झाला असता."

पण नवा रंग आधी स्वतःवर लावून पाहिल्याशिवाय ती सोडत नाही. पापण्यांवर बोटं फिरवत तिनं मला शेवटची रांग म्हणून घरामागच्या बांधावर पिटाळलं.

"दिसते का?"

"नाई!"

आणखी एक थर. "आता?"

"नाई!"

पापण्या जड झाल्या तरी बांधावरून मावशी नुसती मावशीच दिसत होती. "दिसत नाई, म्हणूनच आणली," मी ओरडून सांगितलं. "मले मीच दिसाचं हाय, मावशी!" तिनं पॅलेट मिटली आणि पदराला बोटं पुसत घरात गेली.

साक्षगंधाच्या दिवशी पावडरचा डबा तिनं उघडलाच नाही. नाटकवाल्यांच्या रीतीनं बोट पाण्यात बुडवून तिनं माझ्या पॅलेटमधला वाळल्या तेंदूपानासारखा तपकिरी रंग पापणीवर दाबून बसवला, कडेला जरा तांबूस. आरशात मीच होते, फक्त छान झोप झालेली. मी पाटावर बसले आणि मावशी ताडताड चालत मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपाशी गेली. तिथून तिनं अशी आरोळी ठोकली की भटजींचा मंत्र अडकला.

"इथून बी तूच दिसून राह्यली वो पोरी! तूच!"

होणाऱ्या सासूबाईंनी टाळी वाजवली, मग अख्ख्या मांडवानं. मावशीनं पदर सावरला आणि सवयीप्रमाणे प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला.

पाहुणे गेल्यावर ती मागच्या दारी तोंड धूत होती. काजळाशिवायचा तो सावळा चेहरा मला जवळजवळ अनोळखीच होता. "लोकायनं राणी पाह्यली, सावत्र माय पाह्यली," ती म्हणाली. "मले कोणी नाई पाह्यलं." मला फार वाईट वाटलं. मी ती पॅलेट आणली, बोट ओलं केलं. तिनं डोळे मिटले.

रंग लावून मी धावत बांधावर गेले. तिनं तिथून काहीतरी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज पोचला नाही, पण तिनं काय विचारलं ते मला ठाऊक होतं.

"दिसते, मावशी!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "तूच दिसते!"