बाबांनी फोन दादाला लावला

मंडळी, आमच्या राजापेठेतल्या अंगणात आज सकाळी आजोबांची ब्रिटिश मोटरसायकल बावीस वर्षांनी सुरू झाली. इंग्रजांच्या सीपी-बेरार प्रांताच्या काळातली गाडी.

वर्षभर रोज शाळेत शिकवून आल्यावर मी एकटीच तिच्याशी झटत होते. कार्बोरेटर साफ केला, इंजिनाचं टायमिंग जुळवलं. आज दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं.

बाबा धावत बाहेर आले. टाकीवर हात ठेवून रडले. मग पुण्याला दादाला फोन लावला. "तुही गाडी चालू झाली रे! येशीन तवा घिऊन जाजो."

"बाबा, दुरुस्त मी केली ना?"

"हो, पन पोरीच्या जातीले काहून पायजे गाडी?"

मी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि इंजिन थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले.

खरं सांगा, तुमच्या घरी ती गाडी कोणाची ठरली असती?