दौंडची बिनगजाची खिडकी

बारामतीहून इंदापूरला एसटीनं तास-दीड तासात पोचता येतं. पण माझी पाच वर्षांची नात मित्रा आगगाडीत कधी बसली नव्हती, म्हणून बारामती-दौंड-भिगवण असा वळसा घालून मी तिला इंदापूरला माझ्या घरी न्यायला निघाले. लेक म्हणाली, "आई, दौंडला गाडी बदलायची, गर्दी असते गं." मी तिला गप्प केलं. जन्मभर शाळेत पोरं सांभाळली मी, मला कोण शिकवणार!

बारामतीची गाडी रिकामी होती. उसाचे फड मागे पडले, मग कोरडं माळरान लागलं. मित्रा खिडकीचे गज धरून स्टेशनांची नावं अडखळत वाचत होती. दौंडला आम्ही गरम भजी खाल्ली आणि सोलापूरकडच्या पॅसेंजरची वाट बघत उभ्या राहिलो.

गाडी आली ती खच्चून भरलेली. दाराशी ही झुंबड! मग आपल्याकडे सगळे करतात तेच मी केलं. बिनगजाच्या खिडकीतून (संकटकाळी बाहेर पडायची असते ती) जागा धरायला पिशवी आत दिली, आणि पाठोपाठ मित्रालाही. आतून हिरव्या लुगड्याच्या एका बाईनं हात पुढं केले. "द्या हिकडं, बसवते."

मी दाराकडं धावले. पायरीला पाय लागेना. तेवढ्यात गाडी हलली. कुणीतरी मला मागं ओढलं आणि मी फलाटावर आपटले. उठेपर्यंत ती खिडकी कुठली, हेही कळेना. फोन पिशवीत, पिशवी गाडीत.

"डबा कितवा?" रेल्वेच्या एका माणसानं विचारलं. मला सांगता येईना. "बाई वळखीची हाय?" नाही. "नाव?" तेही ठाऊक नव्हतं. लेकीची एकुलती एक पोर मी नावही न विचारता परक्या बाईच्या हातात दिली होती!

त्यानं भिगवणला फोन लावला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ते त्यानं मला सांगितलं.

"गाडी तितनं फुडं गेली. आपिसात कुनी पोरगी आनली न्हाय. मागनं दुसरी गाडी येतीया, तिनं जावा. फुडच्या टेशनांस्नी कळवतो मी."

त्या गाडीत मी बसले नाहीच, दारातच उभी होते. भिगवण जवळ आलं तसं लांबवर उजनी धरणाचं पाणी चमकलं. एरवी पक्षी बघायला मान वळवली असती. त्या दिवशी पाणी बघून नको नको ते मनात आलं. लेकीला काय तोंड दाखवू?

भिगवणच्या फलाटाच्या पार टोकाला, लिंबाखाली, मासळीची रिकामी पाटी (टोपली) पालथी घालून हिरवं लुगडं बसलं होतं. शेजारी माझी पिशवी, आणि पिशवीला टेकून मित्रा.

"आवं बाई, पोर हाय का गाठोडं?" ती माझ्यावरच डाफरली. "कवाधरनं (केव्हापासून) बसलोय आमी हितं! भिगवणला उतरायचं म्हनली पोर, म्हनून माज्यासंगं उतरवली."

"ऑफिसात का नाही नेलंत?"

"तितं ठिवून घेतली आसती. मग पोरीपाशी बसलं कोन आसतं? माज्या संगच्या बाया गेल्या घरला, मी न्हाय उठले."

मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय आखडून घेतले. नाव तेवढं सांगितलं, शेवंता.

मित्राला उचलायला गेले, तर ती शेवंताच्या पदराआड सरकली. "आजी, तू मला देऊन टाकलंस?"

मी रडत रडतच तिला पदराआडून ओढून कुशीत घेतलं.

पुढं एसटीनं इंदापूर गाठलं. प्रवासात भली माणसं भेटतात म्हणतात. मलाही भेटली. पण ती बाई भली निघाली, यात माझी काय करामत?

घरी पोचताच लेकीचा फोन आला, मी तो स्पीकरवर लावला. "मित्रा, कशी होती गाडी?"

"आजीनं मला मावशीला देऊन टाकलं. मग रडत रडत परत घेतलं."

लेक खळखळून हसली. "काय गं आई, कसले खेळ खेळता तुम्ही!"

मी फोन कानाला लावला. "खेळ नव्हता तो," म्हणाले, आणि तिचं हसू थांबलं.