सहलीच्या आदल्या दिवशी लिहिलेली बातमी

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली त्या आठवड्यात माझ्या मुलीच्या चौथीच्या वर्गाला पाच कामे देण्यात आली. पानांचा संग्रह, बियांचा संग्रह, घरी केलेल्या किल्ल्याचा फोटो आणि त्याबद्दल दहा ओळी, आजीआजोबांना विचारून जुन्या खेळांची माहिती, आणि सहलीची बातमी.

पहिली चार कामे घरोघरी होतात तशीच आमच्याकडे झाली. पाने मुलीच्या आईने माझ्या शब्दकोशात ठेवून वाळवली. पिंपळाचे पान ज्या पानांमध्ये होते त्यांवरचे काही अर्थ अजून हिरवट आहेत. बिया मी गोळा केल्या आणि कागदावर चिकटवल्या. मुलीने फक्त तपासल्या. चिकूच्या बीखाली मी सीताफळ लिहिले होते. तिने ते खोडले आणि मला नवीन कागद आणायला सांगितले.

पाचवे काम तिने स्वतःकडे ठेवले. त्याला कारण होते. शाळेच्या कार्यालयाबाहेर भित्तिपत्रकाचा फलक आहे. त्याला सरकती काच आणि लहानसे कुलूप आहे. सहलीची बातमी जो सर्वांत चांगली लिहील तो स्नेहसंमेलनापर्यंत भित्तिपत्रकाचा संपादक होईल, असे वर्गाच्या बाईंनी जाहीर केले होते. संपादकाला कुलपाची किल्ली मिळते. ती लाल रिबिनीत ओवून गळ्यात घालायची असते. रिबीन मुलीने त्याच दिवशी आणून ठेवली.

तिला एकच भीती होती, ती तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची. त्या घरात यंत्रमाग आहेत आणि घरची भाषा तेलुगू आहे. मुलीच्या मते तिचे मराठी अक्षर मात्र वर्गात सगळ्यांत सुंदर.

“आणि ती खोटं पण लिहीत नाही,” मुलगी म्हणाली. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले.

मी एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो. बातमी कशी लिहितात, हे मुलीने मला जेवताना विचारले आणि मी जरा जास्तच सांगितले. शहरातल्या कार्यक्रमांच्या बातम्या बऱ्याचदा आधीच तयार असतात, असे मी म्हणालो. निमंत्रणपत्रिका येते. तिच्यात स्थळ, वेळ, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे सगळे असते. त्यावरून बातमी रचून ठेवायची. पाहुणे काय बोलले तेवढी जागा मोकळी ठेवायची आणि कार्यक्रम झाल्याचा फोन आला की ती भरून पाठवायची.

“आणि कार्यक्रम झालाच नाही तर?”

“होतो. पत्रिका छापलेली असते.”

“तिला काय शिकवताय?” तिची आई म्हणाली. ती बँकेत काम करते. तिच्याकडे गोष्ट आधी घडते आणि मग नोंद होते.

सहल शनिवारी होती, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात. पालकांना दिलेल्या सूचनेत बाईंनी लिहिले होते: ‘ठिकाण – नान्नज. उद्देश – माळढोक पक्षी पाहणे. सोबत – डबा, पाण्याची बाटली, टोपी.’ शुक्रवारी दुपारी मी कार्यालयात निघालो असताना मुलीने माझ्यापुढे कागद ठेवला.

‘चौथीच्या विद्यार्थ्यांना माळढोकचे दर्शन,’ असे शीर्षक होते. खाली मजकूर: ‘सोलापूर – येथील शाळेच्या चौथीच्या वर्गाची सहल नान्नज येथे उत्साहात पार पडली. यावेळी विद्यार्थ्यांनी माळढोक पक्षी अगदी जवळून पाहिला. त्याची मान पांढरी व अंग तपकिरी होते. पक्षी पाहून सर्व जण भारावून गेले. शेवटी बाईंनी वनरक्षक काकांचे आभार मानले.’

“माळढोक पाहिला?” मी विचारले.

“उद्या बघणारच आहोत की. उद्देश तोच आहे.” तिने बाईंची सूचना दाखवली. पत्रिका छापलेली होती.

मी लाल पेन काढले. अंतर माहीत नसेल तर ‘जवळून’ लिहू नये म्हणून ‘अगदी जवळून’ काढले. ‘भारावून गेले’ ऐवजी ‘आनंद व्यक्त केला’ केले. ‘काका’ काढले. मजकूर आटोपशीर झाला. त्यात एक पक्षी राहिला होता, तो माझ्या नजरेला खटकला नाही. रोज याच नमुन्याच्या दहाबारा बातम्या हाताखालून जातात.

शनिवारी सकाळी मुलीने सुवाच्य प्रत काढून बाईंच्या हातात दिली. बाई त्या वेळी बेचाळीस मुले, दोन पालक आणि एक बस मोजत होत्या. त्यांनी कागद न वाचता पर्समध्ये टाकला. दोन पालकांपैकी मी एक होतो.

बस बार्शी रस्त्याला लागण्याआधीच डबे उघडले गेले. शेंगाचटणीचा वास पुढच्या आसनापर्यंत आला. बाईंनी दोनदा शिट्टी वाजवली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचा डबा उघडला.

अभयारण्यात वनरक्षक भेटले. पन्नाशीचे, खाकीतले, गळ्यात दुर्बीण. मुलांनी त्यांना घेरले.

“काका, माळढोक कुठंय?”

“आधी गप बसा. तुमचा आवाज मोहोळपत्तुर गेला आसंल.”

“तुम्ही बघितलाय?”

“बघितलाय की. लई वर्सं झाली. तवा मी बारीक हुतो.”

“बारीक कोण, तुम्ही का माळढोक?” मागून कुणीतरी विचारले.

“मी,” वनरक्षक म्हणाले. “माळढोक जाड न्हाय हुत.”

माळढोक आता क्वचितच दिसतो, दिसला तर नशीब, असे त्यांनी नीट समजावून सांगितले. त्या वेळी मी मुलीकडे पाहिले. तिने टोपी डोळ्यांवर ओढली होती.

तिथल्या निरीक्षण मनोऱ्यावर एका वेळी सहा मुले सोडण्यात आली. पहिल्या तुकडीला काळविटांची पाठ दिसली. दुसऱ्या तुकडीला काळवीट गेल्याची जागा दिसली. तिसऱ्या तुकडीत मुलगी आणि तिची मैत्रीण होत्या. त्या तुकडीतल्या एका मुलाने वनरक्षकांची दुर्बीण लावली आणि तो ओरडला, “दिसला!”

खालची सगळी मुले जिन्याकडे धावली. बाईंची शिट्टी वाजली. वनरक्षकांनी दुर्बीण घेतली, बराच वेळ लावून धरली आणि मुलाला परत दिली.

“पांढरी मान हाय का?” त्यांनी विचारले.

“हो!”

“आंग तपकिरी?”

“हो, हो!”

“बसलाय का उबा हाय?”

“बसलाय. आता उभा राहिला!”

“आता काय करतोय?”

मुलाने दुर्बीण नीट लावली. “बिडी पेटवतोय,” तो म्हणाला.

पांढरा फेटा आणि अंगावर घोंगडी घेतलेले एक मेंढपाळ बाबा हद्दीपलीकडच्या माळावर बसले होते. त्यांच्या मेंढ्या पलीकडे उतारावर होत्या, त्यामुळे ते एकटे दिसत होते. बेचाळीस मुलांनी त्यांना हात केले. त्यांनीही हात केला.

परतीच्या वाटेवर मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली.

“पप्पा, बातमी बाईंच्या पर्समध्ये आहे.”

“सोमवारी बदलून घेऊ.”

रोज तयार पान मोडून नवीन बातमी बसवणारा माणूस ‘सोमवारी’ म्हणाला, याची नोंद येथे केली पाहिजे. मी दमलो होतो. मांडीवर कुणाचीतरी बाटली सांडली होती.

शाळेत उतरल्यावर बाईंनी पर्समधून घराची किल्ली काढताना तो कागद हाताला लागला. “एकीची बातमी आलीसुद्धा,” असे म्हणून त्यांनी तो मुख्याध्यापिकांना दिला. मुख्याध्यापिका सहलीला आल्या नव्हत्या. त्यांनी वाचला आणि स्वतः काच सरकवून फलकावर लावला. त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘आपल्या भावी संपादिकेचे अभिनंदन!’ हे मला पावणेसहाला कळले. मी तेव्हा कार्यालयात पोचलो होतो.

कळले ते आमच्या बातमीदाराकडून.

“साहेब, नान्नजला माळढोक दिसला. चौथीच्या पोरांना. दोन कॉलम घेऊ का?”

“फोटो आहे?”

“हाय की.”

“पक्ष्याचा?”

“पक्ष्याचा न्हाय, बातमीचा. पालकांच्या ग्रुपवरनं आला. पण चांगली लिहिलीय साहेब. एक शब्द बदलावा लागणार न्हाय.”

“वनरक्षकांना विचारलं?”

“विचारलं. न्हाय दिसला म्हणतेत. पण ती माणसं कधी सांगतेत का!”

“मी तिथं होतो. नाही दिसला.”

“मग मुलांनी बघितलं ते काय हुतं?”

“मेंढपाळ.”

बातमीदाराने फोनवरचा फोटो पुन्हा वाचला. “मान पांढरी, अंग तपकिरी,” तो म्हणाला. “हे तर बरोबरच हाय.”

बातमी घेतली नाही. ती मी तपासली होती, हे त्याला सांगितले नाही.

रविवारी सकाळपर्यंत ग्रुपवर फुलांचे गुच्छ, टाळ्या आणि मोरांची चित्रे जमा झाली. माळढोकाचे चित्र कुणाकडे नव्हते. दुपारी बातमीदाराचा निरोप आला. शहरातले दोन हौशी छायाचित्रकार मोठ्या कॅमेऱ्यांसह पहाटेच नान्नजला जाऊन आले होते. त्यांना मेंढपाळ बाबा भेटले. “व्हय, काल पोरं आलती,” बाबा म्हणाले. “बराच येळ माज्याकडंच बघत हुती.”

मुलीच्या आईने हा निरोप मोठ्याने वाचला. “दोघांनी मिळून एक पक्षी जन्माला घातलात,” ती म्हणाली.

“मी फक्त भाषा बघितली,” मी म्हणालो.

“तेच म्हणतेय.”

मुलगी टेबलाशी बसली होती. लाल रिबीन कंपासपेटीत होती. तिच्यापुढचा हिशेब आम्हा तिघांनाही समजत होता. मुख्याध्यापिकांनी भावी संपादिका म्हणून जाहीर लिहिले होते. वर्गातल्या बहुतेक मुलांना माळढोक पाहिल्याचा आनंदच होता. मेंढपाळाला हात करूनही घरी ती माळढोक म्हणूनच सांगून मोकळी झाली होती. मुलगी काही बोलली नसती तर सोमवारी किल्ली तिच्या गळ्यात होती.

ती बराच वेळ रिबिनीची गाठ मारत आणि सोडत राहिली.

“पप्पा, खुलासा कसा लिहितात?”

“चुकीची बातमी जिथं आली होती तिथंच लावायचा. लहान लिहायचा. चूक काय ते आधी, बरोबर काय ते नंतर. कारण सांगत बसायचं नाही.”

“कारण का नाही?”

“लांबतं.”

तिने अर्धा तास घेतला. कागद मला दाखवला नाही. तिची आई मात्र वाचून आत गेली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला.

सोमवारी मी मुलीला सोडायला शाळेत गेलो. मला बोलावले नव्हते. मुलगी थेट मुख्याध्यापिकांकडे गेली आणि काच उघडायला सांगितली. त्यांनी खुलासा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. मग तो त्यांनी जुन्या बातमीच्या जागी लावला. आता दारातूनही तो वाचता येत होता.

‘खुलासा. शनिवारी लावलेल्या बातमीत माळढोक पक्षी दिसल्याचे म्हटले होते. तो पक्षी नव्हता. ते मेंढ्या राखणारे आजोबा होते. त्यांनी आम्हाला हात केला. बातमी शुक्रवारी लिहिली होती व सहल शनिवारी होती. बातमी पप्पांनी तपासली होती. त्यांनी भारावून गेले हे काढले व माळढोक ठेवला.’

बाई आल्या. त्यांनीही वाचला. मग पर्सची चेन ओढून घट्ट लावली.

“सर, तुमच्याकडं रोज असंच असतं का?” मुख्याध्यापिकांनी मला विचारले.

“रोज नाही,” मी म्हणालो. हे उत्तर तपासून दिलेले नव्हते.

संध्याकाळी मी कार्यालयातून घरी फोन केला, तो मुलीने उचलला. किल्ली बाकावरच्या मैत्रिणीला मिळाली होती. तिची बातमी चार ओळींची होती आणि बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली: ‘आम्ही माळढोक पाहायला गेलो. माळढोक नव्हता. त्याच्या जागी एक आजोबा होते. ते बरे वाटले.’

“चांगली आहे,” मी म्हणालो.

“हो. तिला रिबीन नव्हती. माझी दिली.”

“आणि तू?”

“मी तपासणार. काचेत लावायच्या आधी प्रत्येक बातमी मला दाखवायची. लिहिणाऱ्याला विचारायचं, तू बघितलंस का? नाही म्हणाला तर परत द्यायची. आज तीन परत दिल्या.” तिचा आवाज रडवेला नव्हता. घाईत असल्यासारखा होता. “बाईंनी लाल पेन पण दिलं.”

“वा. घरी घेऊन ये, मी दाखवतो कशा तपा—”

“नाही,” मुलगी म्हणाली. “बाईंनी सांगितलंय, तपासायचं ते वर्गात. घरी न्यायचं नाही.”