सासऱ्यापुढं न काढलेली जीभ

युद्धाच्या दिवसांत मी शहापूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथे मुरबाडकडची एक सून सासऱ्याबरोबर आली. तिचं नाव मी विचारलंही नसेल. आठवतो तो दातांत धरलेला पदर आणि गळ्याच्या मधोमध असलेली लिंबाएवढी गाठ.

"जीभ बाहेर काढ," डॉक्टर म्हणाले. "गाठ वर सरकली तर ती जन्मापासूनची. दुसऱ्या कुणाला लागत नाही."

तिने मान हलवली. "सासऱ्यापुढं जीभ काढू? नाय जमायचं."

सासरा बाहेर जायला तयार नव्हता. दोन परक्या पुरुषांजवळ सुनेला एकटी कशी सोडणार? मी थट्टेनं म्हणालो, "अगो, देवीपण जीभ काढते!" ती माझ्याकडे रोखून पाहत राहिली.

"मग मला काही सांगता येत नाही," म्हणून डॉक्टर हात धुवायला गेले.

"म्हंजे गंडमाळच," सासरा म्हणाला. "लागणीचा रोग घरात नको. माहेरी टाकतो हिला. पोराला दुसरी बघू."

बैलगाडी निघाली. सासरा पुढे बैल हाकत होता, ती मागे पाय सोडून बसली होती. मी दारात उभा होतो. तिने पदर सोडला आणि मला वेडावत लांब जीभ काढली. गाठ वर सरकली.

की गाडीलाच हिसका बसला? इतकी वर्षं मला ते ठरवता आलेलं नाही. पण हाक मारून गाडी परत बोलवायला ते ठरवायची गरज नव्हती. मला तिचा राग आला होता. मी दार लावून आत गेलो.